भिंतीवरून बातमीत

नांदेडच्या मोंढ्यापासून मुखेड-देगलूरच्या बांधांपर्यंत सोयाबीनच्या बियाण्याचा महिमा गात, रस्त्यालगतच्या भिंती आमच्या वाणाच्या नावाने रंगवीत आणि कृषिकेंद्रांच्या बाकड्यांवर चहा ढोसीत मी तारुण्याचा बराचसा भाग परम सुखात व्यतीत केला. कारण विपणनाच्या धंद्यात अतिशयोक्तीचा भाव चौरस फुटावर ठरलेला असतो आणि वाचणारा शेतकरीही ती तेवढीच कापून घेतो, त्यामुळे कोणाचीच फसगत होत नाही. अशा निर्वेध संसारातून उचलून कंपनीने मला लातुरास जनसंपर्क अधिकारी म्हणून रुजू होण्याचे फर्मान धाडले. मोटार गेली, भत्ता गेला, पितळी पाटी तेवढी आली. मातोश्रींनी तर मूळ तजविजीसच हरकत घेतली. "माणसं जोडायला पगार कशाला लागतो रे? तुझे आजोबा अख्ख्या तालुक्याच्या लग्नाला अन् मयतीला जायचे, त्यांना कोण देत होतं?" या हरकतीचा खुलासा कंपनीच्या एकाही परिपत्रकात नाही.

विपणनाचा मनुष्य पैसे मोजून स्वतः बोलतो. जनसंपर्काच्या मनुष्याने पैसे न मोजता दुसऱ्यास बोलते करावे, असा संकेत आहे. लातुरात तो पाळणे दुर्घट, कारण येथील बातमीदार बहुधा आधी शेतकरी असतो. एका ज्येष्ठ बातमीदारांनी माझ्या प्रसिद्धिपत्रकास स्पर्शही न करता विचारले, "साहेब, औशाच्या रानात तुमचंच बी टाकलंय, निम्मं उगवलं नाही. आधी ते छापू का हे?" साल २०२० होते, सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींनी कृषी खात्याची दप्तरे भरली होती आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले होते.

जनसंपर्काच्या विद्येचे एक आद्य आचार्य आयव्ही ली यांनी १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीनजीक रेल्वेचा अपघात झाला असता तो दडपण्याऐवजी रेल्वे कंपनीतर्फे स्वतःच निवेदन काढले आणि बातमीदारांस अपघातस्थळी नेण्याची व्यवस्था केली. रेल्वेचा दाखला लातूरकरांस लगेच पटतो. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातुरास मिरजेहून पहिली जलदूत रेल्वे सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा तिच्या वाघिणी कोणत्याही निवेदनापेक्षा अधिक बोलल्या. शब्दांची निकड लागली ती पुढे रेल्वेचे चार कोटींचे देयक आले तेव्हा.

लींच्या आधाराने मी बातमीदारांस औशाच्या त्याच रानात न्यावे, अशी लेखी शिफारस केली. वरिष्ठांनी ती वाचली, माझ्या निष्ठेची प्रशंसा केली आणि गतवर्षीच्या एका हिरव्यागार शिवाराचे छायाचित्र पत्रकास जोडण्याचा हुकूम दिला. मी ते जोडले नाही. तेव्हापासून आमचे संबंध अत्यंत औपचारिक आहेत.

पत्रक अखेर छायाचित्राविना, आतल्या पानाच्या कोपऱ्यात, पंचांगाखाली छापून आले. ज्यांच्या घरी तो अंक अद्याप असेल, त्यांस माझी विनंती एवढीच: तो रद्दीत घालू नये. पेरणीपूर्वी त्याचे पान ओले करावे, त्यात सोयाबीनचे शंभर दाणे ओळीने मांडून गुंडाळी करावी, ती ओलसर ठेवावी आणि काही दिवसांनी कोंब मोजावेत. सत्तर किंवा अधिक निघाले तर खुशाल पेरावे. कमी निघाले तर पिशवी, पावती आणि लॉट क्रमांक सांभाळून तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, आणि मग माझ्याकडे यावे. पाटी पितळी आहे, सापडावयास सोपी.