लोकर आटवा, मुले वाढवा

शाळेतला कार्यानुभव हा विषय मुख्यतः आयांचा असतो, हे आता कुणी नाकारत नाही. रविवारी रात्री साडेदहाला घरात घोषणा होते, की उद्या टाकाऊतून टिकाऊ काहीतरी न्यायचं आहे. मग आईस्क्रीमच्या काड्या, चमचमता कागद आणि फेविकॉल यांच्या बळावर बाराच्या सुमारास एक झोपडी उभी राहते. झोपडी शाळेत जाते, ‘छान’ असा शेरा घेऊन परत येते आणि माळ्यावर निवृत्त होते. टिकाऊतून टाकाऊ करण्याचा हा उपक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्मोकोलवरही बंदी आली, तेव्हा पर्यावरणाला किती दिलासा मिळाला याचा हिशेब जाणकारांनी करावा. कार्यानुभवाचा मात्र कणाच मोडला. त्या कण्याच्या जागी काय बसवावं याबद्दल माझं मत ठाम आहे. मेंढीची लोकर, कोमट पाणी आणि साबण. म्हणजेच नमदा.

नमदा म्हणजे न विणलेलं लोकरी कापड. इंग्रजी शाळांत त्याला फेल्ट म्हणतात, काश्मीर-राजस्थान-कच्छात नमदा म्हणतात, आणि आपल्याकडचे पिंजारी हेच काम करून जेन आणि बुरणूस बनवत आले. घोंगडी ही सनगरांची, ती मागावर विणली जाते. नमद्याला ना माग लागतो, ना ताणा, ना बाणा. लोकर पसरायची, भिजवायची, चोळायची आणि लाटायची, बस्स. हा सगळा व्यवहार बहुतेक घरांत एकदा तरी अजाणता होऊन गेलेला असतो: काकांचा लोकरी स्वेटर वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्याच्या चक्रात जातो आणि पुतण्याच्या मापाचा होऊन बाहेर येतो. घरात त्याला नुकसान म्हणतात. मध्य आशियातल्या भटक्या लोकांनी त्यालाच घर म्हटलं. त्यांच्या तंबूंच्या भिंती, छप्पर, बिछाने सगळे याच ‘नुकसानी’चे बनलेले आहेत. यामागचं शास्त्र सोपं आहे. लोकरीच्या केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात आणि त्या सगळ्यांची तोंडं टोकाकडे असतात. गरम साबणपाण्यात केस मऊ पडतात, खवले उघडतात, आणि चोळलं की केस मुळाच्या दिशेने पुढे सरकतात. मागे यायला गेले की खवले अडतात. दादरला विरार लोकलमध्ये शिरलेल्या माणसाची जी अवस्था होते तीच इथे लाखो केसांची होते. आत जाता येतं, बाहेर पडणं आपल्या हातात नसतं. अशा गर्दीला आपण कापड म्हणतो.

हे इतकं आपोआप होतं, की ते शोधून काढल्याचं श्रेय घ्यायला कुणाकडे फारसं काही नव्हतं. त्याची भरपाई दंतकथांनी केली. इराणातले नमदा करणारे सांगतात, की सुलेमान राजाचा मुलगा मेंढपाळ होता. लोकरीचं कापड करायची त्याची खटपट काही केल्या जमेना, तेव्हा तो संतापून लोकरीवर नाचला आणि रडला. ते अश्रू आणि त्या लाथा यांतून नमदा तयार झाला. युरोपात हाच मान संत क्लेमेंट यांना मिळाला. पळून जाताना पायाला फोड येऊ नयेत म्हणून त्यांनी चपलेत लोकर घातली, आणि घाम व चालणं यांनी तिचा फेल्ट झाला. पुढे टोपीवाल्यांनी त्यांना आपला रक्षक संत करून टाकलं. दोन्ही कथा बहुधा खोट्या आहेत, पण माझ्या मुद्द्याला उपयोगी आहेत. नमद्यासाठी लागणारी सामग्री कोणती? राग, रडणं, पाय आपटणं आणि घाम. इयत्ता तिसरीच्या कुठल्याही वर्गात ती मुबलक आहे. आजवर आपण ती वाया घालवत होतो.

हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना आपल्याला नवी नाही, उलट ती आपल्याच मातीतली आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली आणि झाकिर हुसेन समितीने नई तालीमचा अभ्यासक्रम आखला, त्यात कताई-विणाई केंद्रस्थानी होती. कल्पना थोर होती. अडचण एवढीच, की तकलीवर बारीक, एकसारखं सूत काढायला जमेपर्यंत बरीच मुलं मोठी होऊन कारकून होण्याच्या बेताला येत. सूत तुटतं, मन मोडतं. नमद्यात सूतच नाही, त्यामुळे तुटण्याचा प्रश्न नाही. मला वाटतं, वर्ध्यात थोडी जास्त थंडी असती, तर आपल्या शिक्षणाचा इतिहास लोकरीच्या अंगाने गेला असता.

प्रत्यक्ष तास कसा असेल ते पाहू. आधी कातरलेली लोकर निवडायची. तिच्यात कुसळं, गोखरू, काटे आणि माळावरची निम्मी वनस्पतीसृष्टी अडकलेली असते. ती वेचणं हाच परिसर अभ्यासाचा पहिला धडा. मग लोकर धुऊन, वाळवून, पिंजून घ्यायची. बाकावर प्लास्टिक अंथरायचं आणि त्यावर लोकरीचे पातळ पुंजके एकाच दिशेने पसरायचे, दुसरा थर आडवा, तिसरा पुन्हा उभा. इथे मुलांची खरी परीक्षा असते, कारण हात जाड पुंजके ठेवायला आसुसलेला असतो. जिथे पुंजका जाड तिथे नंतर टेंगूळ, जिथे पातळ तिथे भोक. नमदा कुणाचीही घाई झाकत नाही. वर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा टाकायचा, कोमट साबणपाणी शिंपडायचं आणि तळव्याने नुसतं दाबायचं. सुरुवातीला जोर लावला, की थर सरकतात. जरा वेळाने हलके हलके गोल चोळायचं. मग चिमटीची परीक्षा: वरचे केस चिमटीत धरून हळूच उचलायचे. सुटे केस हाताशी आले, तर अजून चोळा. सगळी साय एकसंध उचलली गेली, तर पुढे चला. यानंतर तुकडा बांबूच्या चटईत गुंडाळून लाटायचा, दिशा बदलायची, पुन्हा लाटायचा. शेवटी त्याचा गोळा करून बाकावर आपटायचा, जोरात, पुन्हा पुन्हा. आपटल्याने नमदा घट्ट होतो, हे शास्त्र आहे. वर्गात वस्तू आपटल्याबद्दल शाबासकी मिळणारा दुसरा विषय मला माहीत नाही.

याच्या पोटात गणितही बसतं, तेही कुणी पाठ न करता. तीस सेंटिमीटरचा चौकोन लाटून लाटून वीस सेंटिमीटरचा झाला असं धरू. बाजू एक तृतीयांशाने कमी झाली, पण क्षेत्रफळ नऊशेवरून चारशेवर आलं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पाचशे चौरस सेंटिमीटर गेले कुठे? वाळवून तराजूवर ठेवलं तर वजन जवळपास तेवढंच. घनता ही फळ्यावरची व्याख्या इथे हातात येते आणि ओली लागते. शिवाय पुढच्या वेळी वीस सेंटिमीटरचं आसन हवं असेल तर सुरुवात केवढ्याने करायची, हे मुलाला स्वतःच काढावं लागतं. आणि सगळ्यांत मोठा गुण हा, की हे काम उलटं फिरवता येत नाही. विणलेलं उसवता येतं, लिहिलेलं खोडता येतं, आटलेली लोकर पुन्हा सुटी होत नाही. त्यामुळे शिकवायचं असतं ते नमदा करणं नव्हे, तो लोकर स्वतःच करते. शिकवायचं असतं कुठे थांबायचं ते. आपल्याकडे ही गोष्ट शाळेत शिकवत नाहीत, हे भाषणं ऐकताना वारंवार जाणवतं.

यावर आक्षेप येणार, आणि पहिला घामाने डबडबलेला असणार: महाराष्ट्रात लोकर कशाला? त्याला नकाशा उत्तर देतो. नमद्यासाठी नावाजलेली राजस्थानातलं टोंक आणि कच्छ ही दोन्ही ठिकाणं उन्हाळ्यात आपल्या नागपूरशी बरोबरी करणारी आहेत. तिथे नमदा अंगात घालत नाहीत. त्यावर बसतात, तो घोड्याच्या खोगिराखाली घालतात. उष्णता अडवणारी वस्तू गरम पातेल्याखालीही चालते. पियानोच्या हातोड्यांवरही फेल्टच असतो, आणि तो मुंबईच्या मेमध्येही तक्रार करत नाही. दुसरा आक्षेप नाक मुरडून येतो. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, टोचणारी, आणि ओली झाली की तिचा वास येतो. टोचते हे खरं, म्हणून तिचा मफलर करू नये, आसन करावं. वास येतो हेही खरं, पण तो मेंढीचा वास आहे, फसवणुकीचा नाही. हौशी लोकांसाठी बाजारात मिळणाऱ्या फेल्टच्या संचांत बहुधा मेरिनो लोकर असते, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडहून आलेली. काठमांडूच्या बायका ज्या रंगीत फेल्टच्या गोळ्या वळून जगभर पाठवतात, त्यांची लोकरही बरीचशी न्यूझीलंडची. आणि इकडे आपल्या माळरानावर धनगराला लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून ती अनेक ठिकाणी तिथेच टाकून दिली जाते. बरेच जण आता माडग्याळसारख्या मांसाच्या मेंढीकडे वळले आहेत, जिच्या अंगावर लोकर नावापुरतीच. म्हणजे ‘टाकाऊतून टिकाऊ’ ज्याला खरोखर म्हणता येईल तो माल गावाबाहेर पडला आहे, आणि आपण मुलांना न वापरलेल्या आईस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट विकत आणून देतो.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. स्टेशनरीच्या दुकानात फेल्टचे रंगीत कागद मिळतात, कापा आणि चिकटवा, मग ही ओली उठाठेव कशाला? तो बहुधा पॉलिस्टर असतो. त्याच्यावर इस्त्री फिरवून बघा. लोकर करपते, तो वितळतो. पण खरा मुद्दा वेगळा आहे. तयार कापड कापण्यात मुलाचं डोकं चालतं, कापड कसं होतं हे मात्र कळत नाही. तयार फेल्टला मी कमी लेखत नाही. जर्मनीतल्या गिंगेन गावात पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या मार्गारेटे श्टाइफ यांनी १८८० मध्ये फेल्टचे छोटे हत्ती केले, ते टाचण्या खोचायला. मुलांनी टाचण्या बाजूला ठेवून हत्ती पळवले, आणि त्यातून खेळण्यांचा एक मोठा कारखाना उभा राहिला. हत्ती आधी, कारखाना नंतर. आपण मुलांना थेट कारखान्याचा तुकडा देतो. टोकाला खाचा असलेल्या सुईने कोरडी लोकर टोचून बाहुल्या करण्याची पद्धत अलीकडे फार लोकप्रिय आहे. ती मोठ्यांसाठी ठेवावी. तिसरीच्या वर्गात चाळीस काटेरी सुया वाटणं म्हणजे शाळेच्या प्रथमोपचार पेटीचाच कार्यानुभव होईल.

टिकेल का, असं कुणी विचारेल. सायबेरियाच्या अल्ताई पर्वतात पाझिरिक इथे गोठलेल्या थडग्यांत लोकरीच्या फेल्टचे हंस सापडले, आत भरण घालून शिवलेले. सुमारे अडीच हजार वर्षांनंतरही ते माना ताठ ठेवून आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. याउलट योझेफ बॉइस या जर्मन कलावंताचा फेल्टचा सूट लंडनच्या टेट संग्रहालयात होता, त्याला कसर लागली आणि अखेर तो कलासंग्रहातून काढून टाकावा लागला. तेव्हा टिकाऊपणाची खात्री हवी असेल, तर एक बर्फ आणा, नाहीतर कडुलिंबाचा पाला. जगातल्या मोठ्या संग्रहालयाची जी गत झाली, तिच्यापेक्षा आपल्या कपाटाकडून जास्त अपेक्षा करू नये.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही: शिकवणार कोण? किरगिझस्तानातली आला-कीइझ आणि शिरदाक ही फेल्टची सतरंजी-कला २०१२ मध्ये युनेस्कोने तातडीने जपण्याच्या यादीत घातली. तिथे हे काम आजी नातीला, आई मुलीला शिकवत असे. आता ते जाणणाऱ्या बहुतेक बायका चाळिशीच्या पुढच्या आहेत आणि बाजारात स्वस्त कृत्रिम गालिचे आले आहेत. काश्मीरमध्ये नमद्याची निर्यात जवळपास संपल्यावर २०२१ मध्ये सरकारला सहा जिल्ह्यांत २,२५० जणांना शिकवण्याचा प्रकल्प काढावा लागला. वीस वर्षांपूर्वी जे शेजारच्या अंगणात फुकट दिसत होतं, त्यासाठी आता तुकड्या, हजेरीपट आणि प्रमाणपत्रं लागतात. कला मरायला टेकल्यावर प्रौढांना शिकवण्यापेक्षा ती जिवंत असताना पोरांना भिजवू देणं कितीतरी स्वस्त. आपल्याकडे जेन आणि बुरणूस करणारे हात अजून आहेत, थोडे आहेत. त्यांना शाळेत मानधन देऊन बोलवावं आणि बी. एड. झालेल्यांनी त्या दिवशी मागच्या बाकावर बसावं.

मुख्याध्यापकांना विनंती एवढीच आहे. दख्खनी मेंढ्यांची कातरणी वर्षातून दोनदा होते. जवळच्या वाड्यावर जाऊन विचारा. चाळीस मुलांच्या एका तासाला तीन-चार मेंढ्यांची लोकर पुष्कळ झाली. ती फुकट मिळाली तरी पैसे देऊन घ्या. जाळी, चटई आणि बादली सहज जमेल. साबण मात्र आधी बघून ठेवा, कारण शाळेच्या नळावर तो १५ ऑक्टोबरच्या हात धुवा दिनानंतर सहसा दिसत नाही.