बारा महिने तेरा काळ
जर्मनीत बारमाही टायर घ्यायला जा. मिशेलिन, गुडइयर, कॉन्टिनेंटल, सगळ्यांचाच माल ऊन, पाऊस, बर्फ झेलायला बाशिंग बांधून तयार. निवडायचं कसं? युरोपीय लेबल वाचा. इंधनबचत 'ए' ते 'ई', ओल्यातली पकड 'ए' ते 'ई'. आवाज डेसिबलमध्ये, तोही गाडीबाहेरचा, म्हणजे शेजाऱ्यांच्या माहितीसाठी! टायर किती हजार किलोमीटर टिकेल, हे विचाराल तर लेबल तोंडात मिठाची गुळणी धरून बसतं. टायरच्या कडेवरचं 'एम प्लस एस', म्हणजे 'चिखल आणि बर्फ', ही तर उत्पादकानं स्वतःच स्वतःला बहाल केलेली पदवी. ऑक्टोबर २०२४पासून जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर ती कायद्याला चालत नाही. चाचणी पास होऊन मिळालेलं तीन शिखरांचं हिमचिन्हच लागतं. टायरांची स्वयंघोषित पदवी गेली. आता माणसांचा नंबर कधी?