थ्री नॉट थ्री

एनसीसीवाला तुमच्याकडेही असेलच एक. आमच्याकडचे म्हणजे माझे सासरे, अप्पा. १९७३ साली कॉलेजात सी सर्टिफिकेट मिळवलं आणि पुढे निवृत्तीपर्यंत बँकेत खातेवह्या तपासल्या. पण ऐकणाऱ्याला वाटावं, जन्म सगळा बराकीत गेला. कुकरची शिट्टी झाली की, "छे! थ्री नॉट थ्रीची सर नाही." दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला, तरी तेच. आमच्याकडे अमेरिकेत आले, तेव्हा ग्रँड कॅन्यनच्या कठड्याशी उभे राहून दोन मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, "खोल आहे. पण थ्री नॉट थ्रीची सर नाही." दरीची रायफलीशी तुलना कशी करतात, हे मी विचारलं नाही. जावई पडलो.

लास व्हेगासबाहेरच्या एका रेंजवर पैसे भरून बॅरेट रायफल झाडायला मिळते असं कळल्यावर मी अप्पांना मुद्दाम नेलं. हेतू शुद्ध नव्हता.

बॅरेट म्हणजे साधारण चौदा किलोंचं धूड. अप्पांची थ्री नॉट थ्री जेमतेम चार किलोंची. १९८२ साली ही बनवायला घेणारा रॉनी बॅरेट टेनेसीतला फोटोग्राफर होता, असं मी वाटेत सांगून बसलो.

"फोटोग्राफर?" अप्पांचा चेहरा उजळला. "मग कसली हिला..."

"...थ्री नॉट थ्रीची सर," मी म्हटलं.

रेंजवर त्यांच्या हातात काडतूस दिलं. तळहातात मावेना. "गोळी अर्ध्या इंचाची आहे, अप्पा. तुमची एक इंचाच्या हजार भागांतले ३०३."

"जावईबापू, आकड्यांवर जाऊ नका."

नातीच्या वयाची प्रशिक्षक मुलगी काही सांगणार, तोच अप्पांनी "लेटके पोझिशन!" असा स्वतःलाच हुकूम सोडला. गुडघ्यांनी तो सवडीने पाळला. दस्ता खांद्यात रुतवला, श्वास रोखला.

आवाज कानांत आलाच नाही, थेट बरगड्यांत आला. या रायफलीच्या तोंडाशी झडपांसारखा एक ब्रेक असतो. तो वायू बाजूंना आणि मागे फेकतो, त्यामुळे खांद्याचा धक्का बराच कमी होतो. झाडणारा निभावतो, बाजूला मजा बघत उभ्या राहिलेल्या जावयाच्या टोपीचं काय होतं, ते मला विचारा.

धूळ बसली. अप्पा उठेनात. मी घाबरून वाकलो. तर ते गालावर दस्ता टेकवून तसेच पडलेले, डोळे ओले. धुळीने असतील.

परतताना दहा-बारा मैल नुसतं वाळवंट. कुठल्याच गोष्टीला कशाची सर नव्हती. मग खिडकीकडे बघतच म्हणाले, "आमची डीपी होती."

"म्हणजे?"

"ड्रिल पर्पज. फायरिंग पिन काढून टाकलेली. तीन वर्षं खांद्यावर वागवली, पुलथ्रू घालून नळी पुसली, तेल दिलं. गोळ्या झाडल्या त्या पॉइंट टू टूच्या, त्याही पाच. ती कधी वाजलीच नाही हो."

घरी बायकोने दारातच विचारलं, "कशी होती?" अप्पा चपला काढण्यात फारच गुंतले. "बरी होती," मी म्हणालो, "पण थ्री नॉट थ्रीची सर नाही."

त्या गोळीचं रिकामं पितळी नळकांडं विमानतळावर नसती भानगड नको म्हणून ते माझ्याकडेच ठेवून गेले. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारतात, "तेल दिलंत का?" पितळेला गंज चढत नाही, हे बँकेतल्या माणसालाही ठाऊक असणार. मी हो म्हणतो. खोटं नाही; खोबरेल लावतो.