समोरच्या डॉक्टरीणबाई

‘वहिनी, कपडे वाळत घालून झाले असतील तर जरा इकडे या. समोरच्या डॉक्टरीणबाईंचं कळलं का?’

‘काय कळायचंय? एमडी झाल्या आणि घरी बसल्या. भिशीत विषय निघाला की सासूबाई चहा आणायला उठतात.’

‘घरी नाही हो, लिहायला बसल्या! काल कोथिंबीर मागायला गेले तर टेबलावर ही कागदांची चळत. नव्या औषधाची चाचणी व्हायचीय, त्यात भाग घेणाऱ्यांना द्यायचं माहितीपत्रक. मलाच वाचायला लावलं. म्हणे, “काकू, अडेल तिथे थांबा.” मी “त्रास झाल्यास संपर्क साधावा” इथे अडले. रात्री दोन वाजता अंगावर गांधी उठल्या तर संपर्क कुणाशी साधू? लगेच तिथे डॉक्टरांचं नाव आणि चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर, अशी जागा केली त्यांनी. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, हे पार शेवटच्या पानावर होतं. ते उचलून पुढे आणलं. औषधचाचण्यांच्या २०१९च्या नियमांतच आहे म्हणे ते.’

‘त्याला एमडी कशाला हवं? आमचा धाकटा निबंध बरे लिहितो.’

‘क्रिएटिनिन वाढलं म्हणजे काय बिघडलं, हे धाकट्याला कळेल का? कोष्टकात एक आकडा नि मजकुरात दुसरा असला की या पकडतात.’

‘मग मोठ्या डॉक्टरांचे लेखही याच लिहीत असतील. पुरणपोळ्या यांनी लाटायच्या आणि पंगतीत वाहवा त्यांची!’

‘मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची समिती आहे, १९७८ साली कॅनडात व्हँकुव्हरला पहिल्यांदा जमलेली. तिचा दंडक असा, की लेखक म्हणून ज्याचं नाव, त्याचा संशोधनात खराखुरा हात हवा आणि जबाबदारीही त्याची. नुसतं लिहून देणाऱ्याचं नाव खाली आभारात, पैसे कुणी दिले त्यासकट. सगळे पाळतात का विचारलं, तर नुसत्या हसल्या.’

‘आणि पैसे?’

‘ते सासूबाईंना विचारा. पण परवा आलेलं काम त्यांनी परत पाठवलं. एका हॉस्पिटलची पुस्तिका आखून दिली, तिथे मशिनचे फोटो गाळायला लावून अँजिओप्लास्टीनंतर जिना कधी चढायचा ते आधी घातलं; ते ठीक. परवाचा मात्र पावडरवाला. “मधुमेह मुळापासून बरा” असं डॉक्टरच्या लेखणीतून हवं होतं त्याला. मधुमेह बरा करण्याच्या औषधाची अशी जाहिरात १९५४च्या कायद्यानं बंद आहे, असं तोंडावर सांगितलं.’

‘अगंबाई! पावडर? हिरव्या डब्यातली?’

‘तुम्ही घेतलात की काय?’

‘दोन डबे. गोळी बंद करणार होते सोमवारपासून.’

‘बिल शोधा आणि डबे परत करा, वहिनी. गोळीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.’