चपला घालून उघडायचा फ्रीज

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

फ्रेमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स
मे महिन्याचा दुसरा आठवडा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

नवा फ्रीज शहपुऱ्याला सुखरूप पोचल्याचं काकूने पाठवलेल्या फोटोंवरून कळलं. फोटोत फ्रीज थोडा आणि पूजा फार आहे. दारावर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला झेंडूचा हार, पुढ्यात नारळ. तो नारळ फ्रीजवर न फोडता पायरीवर फोडलात, याबद्दल बाबांचे आभार. आता दारावरचं ते प्लास्टिकही काढून टाका. आपल्या घरी सोफ्याचं प्लास्टिक सोफ्यापेक्षा जास्त टिकलं हे खरं, पण तो विक्रम पुन्हा मोडायला नको.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई तीनदा ‘हो हो’ म्हणते आणि चौथ्यांदा ‘जेवलास का?’ विचारते. पत्राला मधेच जेवायचं विचारता येत नाही, म्हणून हा कागद.

पहिली गोष्ट चपलांची. जुन्या फ्रीजपुढे कायम एक रबरी जोड ठेवलेला असायचा. ‘जरा झिणझिण्या देतो, चप्पल घालून उघड,’ हे वाक्य आपल्याकडे पाहुण्यांना पाण्याच्या तांब्याबरोबरच मिळायचं. तुमच्या सूनबाईला कुलदेवतेच्या आधी या चपलांची ओळख करून दिली होती, हे ती अजून मुलांना रंगवून सांगते. पण तो काही फ्रीजचा स्वभाव नव्हता, दुखणं होतं. आतल्या वायरीचं आवरण कुठेतरी झिजलं की वीज पत्र्यात उतरते. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत निघून जाते. नसेल तर दार धरणाऱ्याच्या अंगातून वाट काढते, आणि ओले हात, अनवाणी पाय असले की झिणझिण्यांवर भागेलच असं नाही.

तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का, हे तपासून घ्या. तीन भोकं दिसली म्हणून तिसऱ्या भोकामागे तार असतेच असं नाही. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती झाली की तो पापणी लवायच्या आत वीज तोडतो. त्याचं ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहायचं काम बाबांकडे. न विचारता बटणं दाबायची त्यांना आवड आहेच, या एका बटणाला परवानगी. फ्रीजची पिन थेट भिंतीत जाऊ द्या, एक्स्टेन्शन बोर्डावर मिक्सरच्या शेजारी नको. आणि वीज आल्या आल्या बाबा धावत जाऊन स्विच दाबतात, ते थांबवा. कॉम्प्रेसरमधला दाब सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. तेवढा धीर आपण बससाठीसुद्धा धरतो.

फोटोत फ्रीज भिंतीला टेकून उभा दिसतो आणि डोक्यावर क्रोशाचं कव्हर, पितळी हंस, बाबांची औषधं आणि पंचांग आहे. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो म्हणूनच आत थंडी राहते. टाकायला जागाच नसेल तर तो दिवसभर धापा टाकत चालेल आणि बिल तुम्हाला येईल. मागे आणि बाजूंना सहा-आठ बोटं जागा सोडा. बाजूचा पत्रा गरम लागला तर घाबरू नका, तो त्याचं कामच करतोय.

आता आकड्यांचा घोळ. मागे व्हिडिओ कॉलवर आमच्या फ्रीजवर ३७ आकडा पाहून बाबांनी विचारलं होतं, ‘हा फ्रीज आहे की अंडी उबवायचं यंत्र?’ इथे सगळं फॅरनहाइटमध्ये चालतं. इथले ३७ म्हणजे आपले तीन अंश सेल्सिअससुद्धा नाहीत. कोंबडीची अंडी उबवायला साडेसदतीस सेल्सिअस लागतात, तेव्हा बाबांचा आकडा बरोबर होता, फक्त देश चुकला. तुमच्या फ्रीजमध्ये अंश दिसत नाहीत, १ ते ७ ची चकती आहे. आकडा वाढला की थंडी वाढते. ‘उन्हाळ्यात मशीनवर ताण नको’ म्हणून काकू ती एकावर ठेवते, ते उलटं आहे. फ्रीजमध्ये तापमान चार अंशांपर्यंत आणि फ्रीजरमध्ये उणे अठरा असायला हवं. येणाऱ्या एकाबरोबर फ्रीजचा थर्मामीटर पाठवतोय. तो मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी वाचा. कुणाच्याही काखेत लावू नका.

आता आईचा भात. फोडणीच्या भातासाठी ती रात्रीचा भात पातेल्यात ओट्यावर झाकून ठेवते आणि ‘आमचे आजोबा असाच खाऊन नव्वदीला पोचले’ म्हणते. आजोबांना नमस्कार. पण तांदळात बॅसिलस सेरियस नावाचा एक जिवाणू असतो. त्याची बीजं भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही, मोहरी कितीही तडतडू दे. शिजलेलं अन्न दोन तासांत फ्रीजमध्ये जावं असा इथला नियम आहे, आणि बाहेर बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. शहपुऱ्याचा मे महिना बेचाळीसच्या घरातला, म्हणजे तुमच्याकडे एकच तास. भात परातीत पसरा, वाफ गेली की उथळ डब्यात भरा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. वाफाळतं पातेलं तसंच आत ढकललंत तर शेजारचं दहीही तापेल. कच्चं चिकन किंवा मासे बंद डब्यात अगदी खालच्या फळीवर ठेवा, वरून ठिबकून कोशिंबिरीत उतरायला नकोत. दुधाची पिशवी दारात अडकवू नका. दार ही फ्रीजमधली सगळ्यात गरम जागा, तिथे लोणची आणि चटण्या ठेवा.

बाबा, तुमचं इन्सुलिन. ‘जास्त थंड, जास्त टिकेल’ या हिशेबाने तुम्ही ते बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये ठेवलंय, असं काकू म्हणाली. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवतात. एकदा गोठलं की ते फेकायचंच, वितळल्यावर दिसायला कितीही चांगलं असलं तरी. ते मधल्या फळीवर डब्यात घाला, मागच्या भिंतीला चिकटू देऊ नका. वापरात असलेलं पेन खोलीच्या तापमानाला चालतं असं कागदावर लिहिलेलं असतं. पण ती खोली मे महिन्यातली शहपुऱ्याची नव्हे, म्हणून डॉक्टरांना विचारून घ्या.

फ्रीजरचं वेगळं काही विचारायला नको, तो मटरने भरलेला असणार. शहपुरा-पाटणच्या मटराचा मोसम म्हणजे घरातल्या प्रत्येकाची बोटं हिरवी. इथे दुकानात गोठवलेल्या मटराची पिशवी घेताना ओसरीवरची ती खाट आठवते, आणि सोलताना निम्मे दाणे तोंडात गेल्याबद्दल बसलेले धपाटेही. यंदा मात्र दाणे नुसते पिशवीत भरू नका. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं घाला, लगेच थंडगार पाण्यात टाका, निथळून कोरडे करा आणि मग भरा. कच्च्या दाण्यातली विकरं थंडीतही हळूहळू काम करत राहतात, म्हणूनच होळीपर्यंत गोड असलेला मटर अक्षय्य तृतीयेला गवतासारखा लागतो.

पिशवी बर्फात रुतली की आई उलथन्याने खरवडते. नव्या फ्रीजला ते अजिबात चालणार नाही. मागच्या पट्टीवर ‘आर ६००ए’ लिहिलंय का पाहा. हा आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसच्या कुळातला. असतो जेमतेम चार-पाच तोळे, पण उलथनं नळीत घुसलं तर फुस्सकन बाहेर येतो आणि पेटू शकतो. तसं झालंच तर शेगडी विझवा, खिडक्या उघडा आणि कुठल्याही स्विचला हात लावू नका. त्यापेक्षा बर्फ बोटाच्या पेराएवढा जाड व्हायच्या आत डिफ्रॉस्टचं बटण दाबा आणि खाली फडकं घाला.

वीज गेली तर? दार उघडलं नाही तर फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो. गच्च भरलेला फ्रीजर दोन दिवस, अर्धा असेल तर एक. अट एकच, दर दहा मिनिटांनी ‘आत थंड आहे का’ ते पाहायला दार उघडायचं नाही. आमच्या या बोस्टनच्या बाजूने १८३३ सालच्या मे महिन्यात फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला. विषुववृत्त ओलांडून, चार महिन्यांचा प्रवास करून जवळजवळ १०० टन बर्फ पोचला. गच्च रचला होता, भुसा भरला होता आणि आत काय उरलंय ते पाहायला वाटेत बाबा नव्हते. पुढच्या वर्षी असा बर्फ मुंबईलाही आला. जमशेटजी जीजीभॉय यांच्याकडे मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली, असं सांगतात. आजीला हे जरूर वाचून दाखवा. तिच्या बाजूने पुरावा मिळाल्याचा तिला आनंद होईल.

नागपूरला लग्नाला जाल तेव्हा फ्रीजरमध्ये वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपया ठेवा. परत आल्यावर रुपया वरच असेल तर मटर ठीक. तळाशी गेला असेल तर मागे वीज बरीच वेळ गेली होती. मग मटर टाका आणि रुपया ठेवा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. जुन्या फ्रीजचं तुम्ही ओसरीवर गोधड्यांचं कपाट करणार आहात असं ऐकलं. ‘दार एवढं घट्ट बसतं की झुरळ आत जात नाही,’ असं आई कौतुकाने म्हणाली. मला नेमकी त्याचीच धास्ती आहे. त्या दाराला खटक्याचं हँडल आहे, ते बाहेरून उघडतं, आतून नाही. इथे अमेरिकेत टाकून दिलेल्या अशा फ्रीजमध्ये लपाछपी खेळताना मुलं आत शिरत. दार बसलं की आतली हवा संपे, आणि जाड दारातून हाक बाहेर ऐकू येत नसे. इतकी मुलं गेली की १९५६ साली सरकारला कायदा करावा लागला. १९५८च्या ऑक्टोबरअखेरीनंतर बनलेला प्रत्येक फ्रीज आतून ढकलून उघडता आलाच पाहिजे, असा. योगायोग म्हणजे त्याच १९५८ साली आपल्याकडे गोदरेजने पहिला भारतीय बनावटीचा फ्रीज बाजारात आणला. आपला जुना फ्रीज कधीचा हे बाबांनाही आठवत नाही, पण खटका माझ्या चांगला लक्षात आहे. लपायला मीच त्यात शिरू पाहिलं तेव्हा फळी मोडल्याबद्दल आजोबांनी कान धरला होता. फळी होती म्हणून मी आत मावलो नाही, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

चुंबकाच्या दारावरही विसंबू नका, लहान हातांना तेही जड जातं. जुन्या फ्रीजचं दार बिजागऱ्यांसकट काढा, फळ्या आतच राहू द्या, पिन कापून टाका आणि मग खुशाल गोधड्या ठेवा. झुरळांसाठी वर पडदा लावा. स्क्रू गंजले असतील तर तेल सोडा, तरीही हलले नाहीत तर काकांना बोलवा. ‘उद्या बघू’ हे मात्र यावेळी नको.

मुलांची शाळा जूनअखेर सुटते आणि त्यांना आजी-आजोबांकडे येऊन चुलत भावंडांबरोबर लपाछपीच खेळायची आहे. तेव्हा दार काढल्याचा फोटो पाठवा. फोटो आला की तिकिटं काढतो.

आजीला व काका-काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. कळावे.

तुमचा,
थोरला

ता. क. सूनबाई सांगते, काढलेलं दार भंगारवाल्याला देऊ नका, काकूला तुळशीपुढे पाट म्हणून हवं आहे. खटका मात्र आधी उपटून काढा. आपल्या घरात टाकलेली वस्तू केव्हा परत कामाला लागेल, याचा नेम नाही.