आपुलकी, खातं : विक्रीवर्धन

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की भोसरीपासून चाकणपर्यंतच्या एमआयडीसीत एक विशिष्ट जमात हलायला लागते. एरवी पीओ, डेबिट नोट आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ यांत अडकलेले छोटे कारखानदार हातात कापडी पिशव्या घेऊन मोठ्या कंपन्यांच्या गेटवर दिसू लागतात. पूर्वी त्या पिशवीत डायरी असायची, खाली दुकानाचं नाव छापलेलं कॅलेंडर असायचं, नाहीतर चार खणांचा सुकामेव्याचा डबा, ज्यातल्या काजूच्या खणाचा तळ फार वर असे. मग सोनपापडी आली आणि गावभर फिरत राहिली. आता या सगळ्याच्या पुढची पायरी आली आहे : ‘फक्त तुमच्यासाठी, हाताने करून घेतलंय, साहेब.’ हे वाक्य म्हणणारा माणूस एकच नसतो, दर तिसऱ्या गाळ्यात एक असतो. सोयीसाठी आपण त्यांना नजराणे म्हणू. मी या जमातीतल्या काहींचे हिशेब बघतो, त्यामुळे त्यांच्या प्रेमाच्या पावत्या माझ्याकडे येतात.

नजराण्यांचा कारखाना म्हणजे तीन पॉवर प्रेस, एक ड्रिल मशीन आणि देवघर. ते ब्रॅकेट बनवतात. गाडीच्या आत, कुणाला कधीही दिसणार नाही अशा जागी बसणारं, १.६ एमएम जाडीच्या सीआरसी शीटचं, दोन भोकांचं ब्रॅकेट. हेच ब्रॅकेट त्यांच्या शेजारचा बनवतो, समोरचा बनवतो आणि तळवड्यातले आणखी चार जण बनवतात. सगळ्यांचं सारखंच असतं, कारण ड्रॉइंग कंपनीनेच दिलेलं असतं. भावही कंपनीनेच ठरवलेला. म्हणजे माल तोच, दर तोच, उशीरही साधारण तेवढाच. मग नजराणे शेजाऱ्यापेक्षा वेगळे ठरणार कशात? ब्रॅकेटवर तर नक्षी काढता येत नाही. म्हणून ते ब्रॅकेट घेणाऱ्यावर काढतात.

त्यासाठी त्यांच्या कॉम्प्युटरवर एक एक्सेल शीट आहे. मी ती चुकून उघडली, कारण फाइलचं नाव ‘देणी’ होतं आणि मला वाटलं, सप्लायरची देणी असतील. रकाने असे : नाव, हुद्दा, मूळ गाव, कुलदैवत, लग्नाची तारीख, मुलं (बारावीचं वर्ष), साखर आहे/नाही, आवाज चढतो/नाही. एका परचेस मॅनेजरपुढे ‘गुडघा – उजवा’ अशी नोंद होती. ही माहिती ते कुणाला विचारून मिळवत नाहीत. विचारलं की माणूस सावध होतो, असं त्यांचं मत. ते गेटवरच्या वॉचमनला तंबाखू देतात, कॅन्टीनच्या पोऱ्याशी क्रिकेट बोलतात आणि साहेबांच्या ड्रायव्हरबरोबर चहा पितात. साहेबांच्या केबिनमध्ये मात्र गप्प बसतात. समोर कुणी गप्प बसलं की साहेब लोक आपोआप गावाकडची जमीन, भाऊबंदकी आणि आंब्याच्या कलमांवर येतात, हे त्यांनी ओळखलंय. मला तर वाटतं, त्या साहेबांबद्दल एवढी माहिती त्यांच्या घरातही कुणी एका जागी लिहून ठेवलेली नसेल.

या धंद्यातलं त्यांचं दैवत आहे जो जिरार्ड. अमेरिकेत डेट्रॉइटकडे शेवरोले गाड्या विकणारा हा गृहस्थ. १९६३ ते १९७८ या काळात त्याने १३,००१ गाड्या विकल्या, म्हणून गिनीज बुकात गेला. तो आपल्या हजारो गिऱ्हाइकांना दर महिन्याला कार्ड पाठवायचा आणि त्यातला निरोप एवढाच असायचा की तुम्ही मला आवडता. नजराण्यांनी हे एका व्याख्यानात ऐकलं आणि भारावून जाऊन एका परचेस मॅनेजरांना तसंच कार्ड घरच्या पत्त्यावर पाठवलं. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. ते वहिनींनी फोडलं. पुढच्या महिन्याचं शेड्यूल निम्म्यावर आलं. तेव्हापासून डेट्रॉइट आणि चिंचवड यांत फरक आहे, हे ते मान्य करतात.

आता ‘हाताने केलेलं’ या भागाकडे येऊ, कारण खरी कारागिरी तिथे आहे. गाळ्याच्या पोटमाळ्यावर त्यांच्या भाच्याने एक लेझर कटिंगचं मशीन बसवलंय. शेजारी मगवर फोटो छापायचा हीट प्रेस. खाली ब्रॅकेट पडतात, वर आपुलकी पडते. एमडीएफच्या पाटीवर लेझर फिरतो, जळक्या लाकडाचा वास सुटतो आणि वीस मिनिटांत वारली चित्र तयार होतं. मूळ वारली चित्र पालघर-डहाणूकडच्या कुडाच्या, गेरू सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठीने काढतात. जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर उतरवून जगभर नेलं आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भाच्याने ते इंटरनेटवरून उतरवलं. त्याच्या चित्रात तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसं आहेत, पण एका परचेस हेडसाठी केलेल्या पाटीत तारपेवाल्याच्या जागी पॉवर प्रेस आहे आणि फेरातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक ब्रॅकेट. मी म्हटलं, “हे जरा...” नजराणे म्हणाले, “सीए साहेब, पर्सनल टच.”

सोबतचं पत्र हस्ताक्षरात असतं. हस्ताक्षर नजराण्यांचं नव्हे. त्यांचं अक्षर बँकेलाही वाचता येत नाही. ते नजराणेवहिनींचं आहे. भाच्याने त्यांच्याकडून बाराखडी लिहून घेतली, स्कॅन केली आणि तिचा फॉन्ट बनवला. पहिल्या वर्षी एका क्वालिटी मॅनेजरच्या लक्षात आलं की पत्रातले सगळे ‘र’ तंतोतंत एकसारखे आहेत. आयुष्यभर एकसारखेपणा तपासण्यात गेलेला माणूस, त्याला ते खुपलं. पुढच्या वर्षीपासून फॉन्टमध्ये तीन प्रकारचे ‘र’ आहेत आणि एका ठिकाणी पेनची शाई किंचित फुटलेली आहे. ती प्रत्येक पत्रात त्याच ठिकाणी फुटते, पण पत्रं एकत्र ठेवून कोण बघतं?

खरोखर हाताने केलेलं त्यांनी दिलंच नाही, असं मात्र नाही. या क्वालिटी मॅनेजरांचं गाव सावंतवाडी. एक्सेलमध्ये तशी नोंद होती. नजराण्यांनी हिय्या करून सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा संच मागवला. गोल पत्ते, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा, मिळून १२०. तिथल्या राजवाड्यात चित्रकार बसून अजूनही ते हाताने रंगवतात. ऑर्डर दिल्यावर नजराण्यांनी आपल्या सवयीप्रमाणे दर दोन दिवसांनी फोन करून ‘डिस्पॅच कधी?’ विचारलं. पलीकडून कोकणी शांततेत उत्तर आलं की रंग सुकला की. दिवाळी गेली, भाऊबीज गेली, तुळशीचं लग्न लागायच्या बेताला संच आला. देखणा होता. मी पाहिलाय. मत्स्याच्या खवल्यांवरच्या बारीक पांढऱ्या टिंबांवर माणसाचा श्वास रोखल्याची खूण होती. एक दिवस तो घेऊन माझ्या टेबलावर बसायला मला आवडलं असतं, आणि रिटर्न भरायची शेवटची तारीख गेली असती तरी चाललं असतं.

क्वालिटी मॅनेजरांनी डबा उघडला, दोन पत्ते काढून खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरले आणि म्हणाले, “नजराणे, हे दोन मासे सारखे नाहीत.”

त्या दिवशी नजराण्यांना त्यांच्या धंद्याचं मर्म कळलं. परत येताना ते माझ्याकडे थांबले आणि खुर्चीत बसत म्हणाले, “लोकांना हाताने केलेलं हवं असतं, पण टॉलरन्समध्ये.” तेव्हापासून लेझरच्या फाइलमध्ये भाचा ठरवून चुका घालतो. फेरातल्या दर सातव्या माणसाची मान तीन अंश वाकडी. चौकटीची एक रेघ जराशी तुटक. चूक किती, कुठे आणि कशी याचं एक ड्रॉइंगच तयार आहे, रिव्हिजन नंबरसकट. हा माल एकदाही रिजेक्ट झालेला नाही. ब्रॅकेटबद्दल तसं म्हणता येणार नाही.

बदल्यांनी मात्र त्यांना छळलं. सागवानी टेबल-लॅम्पवर साहेबांचं नाव कोरून द्यावं आणि साहेबांनी पंतनगरच्या प्लांटला जाताना तो तिथेच ठेवून जावा. नवा साहेब आला की आधीच्याच्या नावाच्या उजेडात बसून नजराण्यांचं रेट रिव्हिजनचं पत्र वाचणार, आणि माणसाचं मन आहे, त्यावर होणारा परिणाम चांगला नसतो. हल्ली लॅम्पच्या पायाला खाच असते. नावाची पट्टी तिच्यात सरकवून बसवलेली. बदलीची कुणकुण लागली की भाचा नवी पट्टी खिशात घालून जातो. एकाच ऑफिसात दोन जोशी असण्याचा प्रसंग फार नाजूक होता. कुलदैवतांची अदलाबदल होऊन कोकणातल्या जोशांकडे तुळजाभवानी आणि लातूरच्या जोशांकडे वेळणेश्वर गेला. दोघांनीही श्रद्धेने ठेवून घेतला. परस्परांत बदलून घ्या म्हणायचं धाडस कुणालाच झालं नाही.

गेटवरचा प्रसंग मी स्वतः ऐकलेला. मोठ्या कंपनीत कुठलीही वस्तू आत जाताना नोंद करावी लागते. वॉचमनने रजिस्टर पुढे ओढून विचारलं, “रिटर्नेबल की नॉन-रिटर्नेबल?” नजराणे क्षणभर थांबले. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, “तसं काही बोलणं झालेलं नाही. पण रिटर्नची अपेक्षा आहे.”

माझा संबंध येतो मार्चमध्ये. कायदा या बाबतीत फार रुक्ष आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे भेट म्हणून दिलेल्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. त्या ओळीत भेटवस्तू ज्यांच्या पंगतीला बसवल्या आहेत ते वाचण्यासारखं आहे : हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला, निर्लेखित केलेला, आणि भेट दिलेला माल. पानावर बोट ठेवून मी हे त्यांना दाखवलं, तेव्हा नजराणे दुखावले. त्यात १ जुलै २०२२ पासून आयकराचं १९४ आर आलं. धंद्याच्या निमित्ताने कुणाला वर्षाला वीस हजारांहून जास्त लाभ दिला तर त्यावर दहा टक्के कर कापायचा. म्हणून एक्सेलमध्ये आता आणखी एक रकाना आहे, ‘प्रेम (एकूण, रु.)’, आणि आकडा १९,००० ओलांडला की तो लाल होतो.

“एवढा खर्च करून मिळतं काय?” असं मी दरवर्षी विचारतो. जास्तीचा दर मिळत नाही. तो कॉस्टिंगवाले ठरवतात आणि त्यांना भेटी देऊन उपयोग नसतो, ते डबाही वजन करून घेतात. पैसे लवकर मिळतात म्हणावं तर तेही नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती करा, नाहीतर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळणार नाही, असा आयकराच्या ४३ बी (एच) चा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तरी पार्टी नव्वद दिवसांवर हटून बसते आणि कायद्याचा कागद दाखवला की पुढची ऑर्डर समोरच्या गाळ्यात जाते. मग? नजराणे म्हणतात, “फोन मिळतो.” म्हणजे असं की लॉटमध्ये बर निघाली, भोकं दोन मिलिमीटर सरकली, तर इतरांना थेट डेबिट नोटचा मेल येतो. नजराण्यांना आधी फोन येतो. “अहो, माल बघून घ्या जरा, पोरं पाठवा.” ते चार पोरं पाठवतात, रात्रभर बसून माल निवडून देतात आणि डेबिट नोट टळते. मी एकदा सगळा हिशेब मांडून पाहिला. टळलेल्या डेबिट नोटा भेटींच्या खर्चापेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या. त्यानंतर मी ते विचारणं सोडून द्यायला हवं होतं, पण वर्षातून एकदा प्रश्न विचारण्याची फी मी घेतो.

आणि ते अगदीच ढोंगी आहेत, असंही माझ्याच्याने म्हणवत नाही. तो ‘गुडघा – उजवा’वाला मॅनेजर निवृत्त झाला. त्याच्या सहीने आता एक वॉशरही निघत नाही. तरी गेल्या पाडव्याला त्याच्याकडे शिसवी काठी गेली, मुठीवर त्याच्या गावच्या पाराचं चित्र कोरलेली. ही नोंद मी कुठल्या खात्यात टाकू, म्हणून विचारलं. नजराणे म्हणाले, “टाका कुठेही.” मी ती बुडीत खात्यात टाकली.

गेल्या दिवाळीच्या आधी मात्र आभाळ कोसळलं. त्यांच्या सगळ्यात मोठ्या पार्टीचं पत्र सगळ्या व्हेंडरना आलं : कंपनीच्या आचारसंहितेनुसार कोणत्याही कर्मचाऱ्याला कोणतीही भेटवस्तू देऊ नये, अन्यथा व्यवहार थांबवण्यात येईल. बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. नजराणे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तेच पत्र भाच्याकडे दिलं. त्याने ते लाकडी पाटीवर शब्दन् शब्द कोरलं, भोवती वारली नक्षीची चौकट, कोपऱ्यात ठरलेली तुटक रेघ, आणि खाली फेर धरलेली माणसं, सगळ्यांचे हात रिकामे. ती पाटी घेऊन ते स्वतः त्या आचारसंहितेच्या अधिकाऱ्याकडे गेले. भेट म्हणून नाही. कंपनीचंच पत्र कंपनीला परत करायला.

अधिकाऱ्याने पाटी बराच वेळ न्याहाळली. मागची बाजू बघितली, कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “भेट घेता येणार नाही. पण चाकणच्या आणि पंतनगरच्या प्लांटला प्रत्येक मजल्यावर लावायला बऱ्या आहेत. कोटेशन पाठवा, चाळीस नगांचं. पेमेंट नव्वद दिवसांनी.”