आक्कांचा पत्रा

परवा रात्रीच्या वाऱ्यात आक्कांचा पत्रा पुन्हा आमच्या अंगणात आला. पुन्हा म्हणते, कारण पाच उन्हाळ्यांतली ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला आमची पपई आडवी झाली, दुसऱ्या खेपेला रांजण फुटला. परवा मात्र तो तुळशीच्या कट्ट्याला टेकून असा उभा होता, की आता याला पाणी विचारावं की काय.

सकाळी तारेच्या कुंपणापाशी गेले. पलीकडं आक्का शेळीला पाला टाकत होत्या.

"आक्का, पत्रा आलाय."

"आला का? मी म्हनलं औशाला गेला का काय."

"चार धोंडे ठेवा की त्याच्यावर. सगळा गाव ठेवतो."

गाव ठेवतो हे खरंच आहे. आमच्या सास्तूरच्या पत्र्यांवर काय नाही? दगड, जुनी टायरं, फुटकं जातं. एकानं तर बिघडलेली पाण्याची मोटर ठेवलीय. फक्त आक्का तारेनं बांधतात. तार गंजते, वैशाखात वारं सुटतं आणि पत्रा आमच्याकडं मुक्कामाला येतो.

"डोक्यावर दगड न्हाई ठिवायचा," आक्का म्हणाल्या आणि पुन्हा शेळीकडं वळल्या. विषय संपला, असं मला वाटलं. पण चहा झाल्यावर त्याच आपण होऊन तारेपाशी आल्या.

मी या गावात लग्न होऊन आले ती नव्या गावात. भूकंपाच्या रात्री मी तुळजापुरात, माहेरी. तिथं मांडणीवरची भांडी वाजली, लोक रस्त्यावर आले, कुणी म्हणालं ट्रक गेला. दुपारपर्यंत खरं काय ते कळलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. नाव किल्लारीचं झालं, पण सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही आपली धाराशिवकडची गावंही त्यात गेली. तेव्हा सास्तूर उमरगा तालुक्यात होतं, लोहारा तालुका नंतर झाला. मेलेली माणसं सरकारी दप्तरात ७,९२८ आहेत, लोकांच्या तोंडी दहा हजार. माझ्या सासरी त्या रात्रीबद्दल कुणी बोलत नाही. जे काही कळलं ते कुंपणावरून.

"आदल्या सांच्याला गणपती बोळवला," आक्का म्हणाल्या. "पोरं नाचून नाचून दमलेली. आन् माझं सासूसंगं वाजलं."

"कशावरून?"

"मातीवरून."

जुनी घरं माळवदाची. खाली खण, खांब, तुळया, त्यावर फळ्या, आणि फळ्यांवर पांढरी माती. दर पावसाळ्याआधी तिचा नवा थर द्यायचा आणि धुम्मसानं चोपायचा. जुना थर कुणी काढत नसे. आजोबांची माती, तिच्यावर बापाची, तिच्यावर लेकाची. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, अशा त्या घरांचं कौतुक मी अजूनही ऐकते. भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फुटांच्या, काळ्या दगडाच्या, पण दगडाला दगड धरायला चिखल. भिंत बाहेरून एक दिसायची, आत मात्र दोन पदर असायचे, आणि दोन्हींना बांधणारा आरपार दगड क्वचितच. भूकंप ६.२ रिश्टरचा होता म्हणतात. जपानात असल्या धक्क्यानंतर लोक दुसऱ्या दिवशी कामावर जातात. इथं माणसं मारली ती घरांनी, असं माझं मत आहे, आणि आक्कांपुढं मी ते कधी बोलून दाखवलेलं नाही.

बोलायची गरजही पडली नाही.

"त्या साली सैपाकघरावर गळाया लागलं. सासू म्हनली, तू माती नीट चोपली न्हाईस. मी म्हनलं, चाळीस पाट्या एकलीनं वाहिल्या, कंबर ऱ्हायली न्हाई. ती म्हनली, आमी साठ वाहत व्हतो. झालं! गोधडी घेतली, धाकट्याला काखंत मारलं आन् लिंबाखाली बैलांपाशी जाऊन पडले. ती दारातनं म्हनली, डास खातील लेकराला. मी बोललेच न्हाई."

आक्का थांबल्या. शेळीनं तारेतून मान घालून आमच्या मोगऱ्याचा एक शेंडा खाल्ला. दोघींनीही तिला हाकललं नाही.

"घुमल्यावानी आवाज झाला. बैलांनी दावी तोडली. मी उठून बगतेय तर धुरळा. घर दिसंना, शेजार दिसंना, लिंब तेवढा उभा." मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "त्यातल्या चाळीस पाट्या माज्या व्हत्या की गं."

यावर काय बोलायचं? मी म्हटलं, "आक्का, साठ त्यांच्याही होत्या." म्हटल्यावर वाटलं, हे बोलायला नको होतं. पण आक्का हसल्या. "व्हय, तेबी खरंच. दोगींची मिळून शंभर." मग म्हणाल्या, "भांडान अर्दंच ऱ्हायलं."

मालक त्या रात्री रानात जागलीला होते, म्हणून राहिले. मधली लेक आजीच्या कुशीत होती. तिच्याविषयी आक्का एवढंच सांगतात की ती आजीच्या कुशीत होती.

खरं तर इशारा आधीच मिळाला होता. १९९२च्या ऑक्टोबरात किल्लारीकडं धक्के बसले, जमीन गुरगुरली. "आमीबी आठ दिस अंगणात झोपलो. मग थंडी पडली, गेलो आत." गावात अजून कुणी माकणीच्या धरणाला दोष देतं. शास्त्रज्ञांतही त्यावर वाद झाले. आक्कांना धरणात रस नाही. त्यांचा हिशोब पाट्यांचा आहे.

त्यानंतर जागतिक बँकेचं कर्ज आलं, संस्था आल्या, बावन्न गावं नव्या जागी वसली. रस्ते सरळ, घरं एकमेकांपासून लांब. ही भूकंपाला टिकणारी घरं आहेत, मी नावं ठेवत नाही. आक्कांनी मात्र त्या घरात सोयाबीनची पोती भरलीत आणि पुढं पत्र्याचा सोपा काढून त्यात झोपतात. सून स्पर्श रुग्णालयात बाळंत होऊन आली तेव्हा खोलीत निजायचं की सोप्यात, यावर घरात दोन दिवस धुसफूस चालली. शेवटी सून खोलीत, आक्का उंबऱ्यावर. रात्रभर दार उघडं, कारण आक्कांच्या मते बंद दार नंतर उघडत नाही.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "जुन्या गावात ही तारच नव्हती. घराला घर चिकटलेलं. माळवदावर चढलं की या टोकाचं त्या टोकाला वरच्यावर जाता यायचं. वाळवणं, कुरड्या, भांडनं, सगळं वरच. सान्यातनं खाली वाकून इचारायचं, आज काय केलंस गं? आता तुला हाक मारायची तर घसा फुटतो." मग जरा विचार करून म्हणाल्या, "एक पडलं तसं धाडधाड सगळीच पडली. तेबी चिकटल्यामुळंच."

३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी पोलीस हवेत बंदुका झाडून मानवंदना देतात. आक्का एकदाच गेल्या होत्या. बंदुकांचा बार ऐकला आणि खालीच बसल्या. आता त्या दिवशी त्या लिंबाला पाणी घालायला जुन्या गावठाणात जातात. तिथं बाभळी माजल्यात, पण लिंब आहे.

"मंग, पत्रा देतीस का ठिवून घेतीस?"

मी लेकाला उठवलं. दोघांनी मिळून पत्रा तारेवरून पलीकडं दिला. एक कोपरा दुमडला होता, तो आक्कांच्या नातवानं हातोडीनं सरळ केला. तो म्हणाला, "आजी, चार दगडं ठिवू का? आता वारं लई सुटतंय." आक्कांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. पोरगं गुमान दुकानातून तार घेऊन आलं.

या खेपेला तार जाड आहे आणि दुहेरी ओढलीय. तरी मी तुळशीचा कट्टा चार हात आत सरकवून घेतलाय.